कामावरच्या अपघाताच्या दाव्यात आणखी कोणाला पक्षकार करावे?

पुढील चारही प्रश्न 21 नोव्हेंबर 2025 रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्यापूर्वीच्या अपघातांबद्दल आहेत. म्हणून उत्तरे कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 नुसार दिली आहेत.

प्रश्न : माझा भाऊ इमारतीच्या परांचीवरून पडला. आम्ही कंत्राटदाराविरुद्ध अर्ज केला, पण तो आता सापडत नाही. बिल्डरला पक्षकार करता येईल का?

येईल, आणि तसा अर्ज विनाविलंब द्यावा. बिल्डरने आपल्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असलेले काम कंत्राटावर दिले असेल, तर कलम 12 नुसार, कामगार जणू त्याच्याच नोकरीत होता असे धरून भरपाई थेट त्याच्याकडून मागता येते. मात्र अपघात त्याच्या ताब्यातील किंवा देखरेखीखालील जागेत अथवा तिच्या लगत घडलेला असावा लागतो, आणि बहुतेक वाद याच मुद्द्यावर अडतो. त्यामुळे फाटकावरची नोंदवही, हजेरीपट, हेल्मेट देताना घेतलेली सही असे कागद हजर करण्याचा आदेश आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालील भरपाईचे अर्ज निकाली काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सुरुवातीलाच मागावा. प्रकल्प संपला की हे कागद मिळणे फार कठीण होते. अर्जाची मुदत अपघातापासून 2 वर्षे आहे. ती उलटली असल्यास विलंबाचे सबळ कारण लेखी मांडावे. स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधून घेणाऱ्याला हे कलम सहसा लागू होत नाही, कारण बांधकाम हा त्याचा धंदा नसतो.

प्रश्न : प्रेस मशीनचे सुरक्षा कवच सदोष होते आणि माझी बोटे गेली. आयुक्तांपुढे मालकाविरुद्ध अर्ज चालू आहे. मशीन बनवणाऱ्या कंपनीवर दिवाणी दावाही करू का?

कृपया घाई करू नका. कलम 3(5) नुसार, आयुक्तांकडे भरपाईचा अर्ज केलेल्या कामगाराला त्याच इजेबद्दल नुकसानीचा दिवाणी दावा चालवता येत नाही. उलट मालकावर किंवा अन्य कोणावर आधी दिवाणी दावा केला, तर या कायद्याखालील भरपाईचा हक्क जातो. कंपनीचा दोष असल्यास भरपाई देणारा मालक कलम 13 नुसार ती रक्कम कंपनीकडून वसूल करू शकतो, म्हणून तो भार आपण उचलण्याचे कारण नाही. आपण राज्य कामगार विमा योजनेत विमाधारक असाल, तर मालकाकडून ही भरपाई मागता येत नाही. लाभ महामंडळाकडून घ्यावे लागतात. ही गोष्ट वकिलांना आजच सांगा.

प्रश्न : आम्ही मुख्य कंपनी आहोत. आमच्याविरुद्ध अर्ज आला आहे. उपकंत्राटदाराला कसे आणावे?

पहिल्यांदा उत्तर द्यायला बोलावले जाईल तेव्हाच, ठरलेल्या शुल्कासह, आपल्याला भरपाई द्यावी लागल्यास ती उपकंत्राटदाराकडून परत मिळावी, अशा मागणीची सूचना आयुक्तांकडे सादर करावी. त्यानंतर आयुक्त उपकंत्राटदाराला नोटीस काढतात, आणि तो हजर राहिला नाही तर त्याने आपले दायित्व मान्य केले असे धरले जाते. कामगाराची भरपाई मात्र या अंतर्गत वादापायी अडवू नये.

प्रश्न : विमा कंपनीला पक्षकार केले की मालक सुटतो का?

नाही. पॉलिसीच्या अटींनुसार विमा कंपनी भरपाई आणि व्याज देते, पण मालकाने पैसे देण्यात विनाकारण उशीर केल्याबद्दल कलम 4अ खाली लागणारा दंड, जो भरपाईच्या 50 टक्क्यांपर्यंत असू शकतो, तो मालकालाच भरावा लागतो. त्यामुळे दोघांनाही अर्जात ठेवावे.