नव्या स्वतंत्र देशांच्या पहिल्यावहिल्या नोटा जमवायच्या आहेत. मी नाशिकला राहतो. सुरुवात कुठून करू?

नाशिकला राहता ना, मग लांब कशाला जाताय? नाशिकरोडपासूनच सुरू करा. आपल्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि पुढे भारत, पाकिस्तान, बांगलादेश या तिन्ही देशांच्या सुरुवातीच्या नोटा इथेच छापल्या गेल्या. एवढा एकच धागा धरलात तरी काही वर्षं पुरेल.

यातली पाकिस्तानची नोट मला सगळ्यात आवडते. फाळणी झाली तेव्हा त्यांची स्वतःची मध्यवर्ती बँकही नव्हती. म्हणून १९४८ साली सहाव्या जॉर्जच्या आपल्याच नोटांवर, वॉटरमार्कच्या पांढऱ्या जागेत वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ छापून काम भागवलं. चित्र इंग्लंडच्या राजाचं, देश पाकिस्तान, आणि सही रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर, आपल्या चिंतामणराव देशमुखांची! (एक रुपयाची नोट सरकारची, तिच्यावर ती सही नसते.)

पण हीच नोट पहिली घेऊ नका. मी घेतली आणि फसलो. एका प्रदर्शनात दहाची नोट मिळाली, घरी येऊन भिंगाखाली धरली. मधल्या घडीवर नोटेची मूळ छपाई झिजून पांढरी रेघ उमटली होती, पण उर्दू अक्षरांची शाई त्याच रेघेत मुरलेली होती. म्हणजे नोट आधी वापरून जुनी झाली आणि ‘पाकिस्तान’ नंतर आला. साधी भारतीय नोट होती ती. तेव्हापासून मी आधी घडी बघतो, मग राजा.

बांगलादेशची एक टक्याची नोट घ्या, ती नवख्यालाही झेपते. ४ मार्च १९७२ ला निघाली, वर देशाचा नकाशा. त्याच दिवशी १०० टक्यांचीही आली.

आपल्याकडे १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर राजा जाऊन सारनाथचे सिंह आले; सही अर्थसचिव के. आर. के. मेनन यांची. १९५० मध्ये २, ५, १० आणि १०० च्या नोटा निघाल्या. सुरुवातीच्या दोनच्या नोटेवर हिंदीत चक्क ‘दो रुपया’ आहे, ‘रुपये’ नंतर झालं. दोन्ही शेजारी ठेवायला मजा येते.

आता दोन कामाच्या गोष्टी. जुन्या भारतीय नोटांना डावीकडे पिनेची भोकं असतातच, कारण बंडलं टाचून यायची. त्यापायी चांगली करकरीत नोट सोडू नका. धुऊन इस्त्री केलेली मात्र सोडा. ती हाताला मऊ लागते, करकरत नाही. आणि लॅमिनेशन, कृपा करून, नको. आमच्या वडिलांनी मेननच्या सहीची नोट ‘खराब होऊ नये’ म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणली होती. अजून तशीच आहे, देवघरात.

त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या पायथ्याशी नाणकशास्त्राची संस्था आहे. तिथे भर नाण्यांवर आहे, त्यामुळे नोटांसाठी नाही, पण जुनी वस्तू कशी बघायची ते शिकायला एकदा जाऊन या.