झिंग्याचे कल्ले बघायचे असतील तर

सुरुवातीला खेकडा नको, उजनीकडचा गोड्या पाण्यातला ताजा झिंगा घ्या. समुद्राची कोळंबी चालणार नाही, तिचे कल्ले फांद्या फुटल्यासारखे असतात. छातीच्या बाजूची कवचाची पाळी चिमट्याने उचलून वरच्या कडेने कापा. आत चंद्रकोरीसारखे कल्ले ओळीने दिसतील, मागे जावं तसे मोठे. नवखे ७ मोजतात, असतात ८. एक पुढून दुसऱ्या कल्ल्याखाली दडलेला असतो, सुईने हलकेच बाजूला करा.

एक कल्ला कापून पाण्याच्या बशीत ठेवा. कोरड्यावर पापुद्रे चिकटून नुसता गोळा दिसतो, पाण्यात वहीच्या पानांसारखे सुटतात. ऑक्सिजन इथूनच रक्तात जातो, आणि गोड्या पाण्यात अंगातून सतत निसटणारे क्षारही कल्लेच परत ओढून घेतात.

जिवंत झिंगा ठेवणार असाल तर नळाचं पाणी थेट ओतू नका. क्लोरीनने कल्ले भाजतात. आधी ते उघड्या बादलीत ठेवून दिवसभर हवेचा पंप चालवा. सोलापूरचा एप्रिल-मे फार जपायचा. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ ला ७ पेक्षा कमी. कल्ल्यांपुढची वल्ह्यासारखी झडप नेहमीपेक्षा जोरात फडफडताना दिसली की खाणं घालणं बंद करा, पंप वाढवा.