नवा पॉड (छोटी ई-सिगारेट) घेऊ का?

भावा, पॉडला जळका वास येतोय म्हणून नवा घेऊ का, असं विचारतोस. तो वास कॉइलचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचा. मशीन जुनं झालं म्हणून नव्हे. नवा पॉड घेऊन सवय तीच राहणार. पॉडमधलं निकोटीन सॉल्ट (आम्ल मिसळलेलं निकोटीन) घशाला बोचत नाही, म्हणून ओढणं उलट वाढतं. शिवाय 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटची विक्रीच बंद आहे. चोरून आलेल्यात काय भरलंय कुणी सांगावं?

त्यापेक्षा सोडायचं बघ. मी दोन चुका केल्या. 2 मिलिग्रॅमचा निकोटीन गम साध्या च्युइंगमसारखा चघळत बसलो, उचक्या लागल्या. तू हळू चाव, झिणझिणलं की गालात दाबून ठेव, मग पुन्हा चाव. दुसरी चूक, पहिल्याच आठवड्यात ओढणाऱ्यांच्या कट्ट्यावर गेलो.

तलफ काही मिनिटांचीच असते. रंकाळ्यावर चालायला सुट. तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला 1800-112-356 वर फोन लाव, फुकट आहे. गम कमी कसा करायचा ते पुढं बघू.