नदालसारखं दमवणारं टेनिस खेळून ग्रासवर वर्षानुवर्षं जिंकता येतं का?

तुमचा प्रश्न असा की बेसलाइनच्या (कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या) मागे राहून प्रत्येक बॉलमागे पळायचं, अंगातला सगळा जोर लावून टॉपस्पिन (बॉलला पुढे फिरकी देऊन उसळवणारा शॉट) मारायचा, असलं शरीर पिळून काढणारं टेनिस खेळून गवताच्या कोर्टवरच्या विम्बल्डनला टिकाऊ यश मिळतं का. मिळतं, पण तिथे तसंच्या तसं खेळून नाही मिळत. आणि अडचण दमण्याची नाहीये, गुडघ्यांची आहे आणि पहिल्या आठवड्याची आहे.

दम म्हणाल तर ग्रासवर उलट कमी लागतो. रॅली छोट्या, सर्व्हिसवर फुकटचे पॉइंट जास्त. पण बॉल खाली राहतो आणि सरपटत येतो, म्हणजे दर शॉटला गुडघ्यात वाकायचं, आणि क्लेवर (मातीच्या कोर्टवर) कसं लांबून स्लाइड मारत पोचता येतं तसं इथे सहज जमत नाही, छोटी छोटी पावलं टाकत जपून थांबावं लागतं. पावसाळ्यात वाड्यातल्या ओल्या शहाबादी फरशीवरून जे घाईत चाललेत त्यांना पहिल्या दोन दिवसांचं विम्बल्डन समजावून सांगायची गरज नाही.

आता नदालचं रेकॉर्ड बघा. २००६ ते २०११ मध्ये तो जेव्हा जेव्हा विम्बल्डन खेळला तेव्हा प्रत्येक वेळी फायनलला गेला (२००९ ला गुडघ्यामुळे खेळलाच नाही), आणि २००८, २०१० ला जिंकला. त्यानंतर एकदाही फायनल नाही. २०१२ ला रोसोल, २०१३ ला डार्सिस, २०१५ ला डस्टिन ब्राऊन, तिघंही तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिल्या ९९ च्या बाहेरचे, आणि तिघांनी त्याला पहिल्या किंवा दुसऱ्या राउंडलाच घरी पाठवलं. लोक म्हणतात उतार लागला होता, पण मग त्याची चांगली वर्षं पण बघा ना, २००६ ला दुसऱ्या राउंडला केंड्रिकविरुद्ध दोन सेट मागे होता, २०१० ला जिंकला त्या वर्षी सुद्धा हासे आणि पेट्झश्नर दोघांनी पाच सेटपर्यंत ओढलं आणि फायनल मात्र सरळ तीन सेटमध्ये. म्हणजे सुरुवातीचे राउंड जड आणि शेवट सोपा!

याचं कारण टीव्हीवर पण दिसतं. सोमवारी कोर्ट हिरवंगार, गवतात ओल असते, बॉल उसळतच नाही, टॉपस्पिन निम्मा वाया. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनवरचं गवत उडून खाली तपकिरी माती दिसायला लागते, ती कडक आणि कोरडी, पाय पण धरतो आणि बॉल वर येतो. तिथून पुढे पळणाऱ्याचं राज्य. नव्वदच्या दशकातले जुने व्हिडिओ लावा, तेव्हा सर्व्हिस लाइनपासून नेटपर्यंत पण गवत घासलेलं असायचं कारण सगळे सर्व्ह करून पुढे धावायचे, आता तो भाग शेवटच्या रविवारपर्यंत हिरवा राहतो. २००१ पासून तिथे पूर्ण राय गवत लावतात, ते टिकाऊ असतं आणि खालची माती पण घट्ट ठेवतात, त्याचाही फायदा बेसलाइनवाल्यांना झाला. नाहीतर २००२ ची ह्युईट विरुद्ध नालबांदियान फायनल झालीच नसती, दोघंही मागून खेळणारे.

पण एकदा जिंकणं वेगळं आणि टिकणं वेगळं. ह्युईटला तिथे दुसरं टायटल नाही मिळालं, पुढे हिपची ऑपरेशन्स. मरेनं दोन घेतली, २०१३ आणि २०१६, आणि २०१७ ला क्वार्टरफायनलला लंगडत हरला, हिप गेला तो गेलाच. टिकले कोण? बोर्ग. त्याच्याइतका पळणारा दुसरा नव्हता, पॅरिसला क्लेवर होणारी फ्रेंच ओपन सहा वेळा जिंकलाय, पण विम्बल्डनला आला की पहिल्या सर्व्हिसवर सरळ नेटवर जायचा आणि १९७६ ते १९८० लागोपाठ पाच जिंकला. तोही सव्विसाव्या वर्षी थांबला म्हणा. दुसरा जोकोविच, सात वेळा. तो फिटनेसमुळे जिंकतो असं सगळे म्हणतात, मला वाटतं ग्रासवर त्याचं निम्मं काम रिटर्न (समोरच्याच्या सर्व्हिसला दिलेलं उत्तर) आणि सर्व्हिसच करून टाकते, शिवाय तो गवतावर पण स्लाइड करतो जे बाकीच्यांनी करून बघू नये. २०२४ ला जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आणि जुलैमध्ये फायनल, सदतिसाव्या वर्षी! हे क्लेवर जमलं असतं असं मला अजिबात वाटत नाही.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही ती म्हणजे कॅलेंडर. २०१४ पर्यंत फ्रेंच ओपन आणि विम्बल्डनमध्ये दोनच आठवडे असायचे, २०१५ पासून तीन झाले. नदालसारखा माणूस पॅरिसला शेवटच्या दिवसापर्यंत खेळून यायचा, त्याला त्या एका आठवड्याची किंमत विचारा. २०२५ ला सिनर आणि अल्कारेझ पॅरिसला साडेपाच तास भांडले आणि पाच आठवड्यांनी पुन्हा तेच दोघं विम्बल्डनच्या फायनलला, पॅरिसला हरलेला सिनर इथे जिंकला.

आमच्या संध्याकाळच्या ग्रुपमध्ये यावर कायम वाद होतो, कारण इथे पुण्यात ग्रास आम्ही टीव्हीवरच बघतो, बालेवाडीला एटीपी (पुरुषांची व्यावसायिक) स्पर्धा झाली ती पण हार्ड कोर्टवर, आणि क्लबमध्ये मुलांना शिकवतात ते मागे उभं राहून जोरात टॉपस्पिन मारायला. स्लाइस (उलटी फिरकी देऊन बॉल खाली ठेवणारा शॉट) मारणाऱ्या काकांना पोरं हसतात, पण बॉल नडगीच्या खाली आला की त्याच पोरांचे शॉट नेटमध्ये जातात.

अल्कारेझबद्दल विचाराल तर तो टिकेल असं मला वाटतं, पळतो म्हणून नाही तर ड्रॉप शॉट (नेटपलीकडे अलगद टाकलेला बॉल) आणि नेटवरचा खेळ दोन्ही आहे म्हणून. फक्त पुढच्या वेळी त्याच्या फायनलपेक्षा पहिल्या दोन मॅचेस बघा, कोर्ट हिरवं असताना तो किती पॉइंट चार शॉटच्या आत संपवतो ते मोजा.