डेन्ड्रिटिक पेशी शिकताय? आधी एवढंच करा

अभिनंदन, विषय छान निवडलात. डेन्ड्रिटिक पेशी म्हणजे बाहेरच्या पदार्थांचे तुकडे उचलून टी पेशींना (रोगप्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना) दाखवणाऱ्या पेशी. पण उपप्रकारांचे तक्ते पाठ करत बसू नका. ते ओघाने येतीलच.

आधी आतड्यातला एकच प्रसंग पक्का करा. तिथली, अंगावर सीडी१०३ हे खुणेचं प्रथिन असलेली डेन्ड्रिटिक पेशी जेवणातल्या प्रथिनाचा तुकडा उचलते, सीसीआर७ या वाट दाखवणाऱ्या ग्राहक प्रथिनाच्या जोरावर जवळच्या लसिका ग्रंथीत जाते आणि टी पेशीला तो दाखवते. सोबत टीजीएफ-बीटा हे संदेश देणारं प्रथिन आणि जीवनसत्त्व अ पासून बनवलेलं रेटिनॉइक आम्ल. मग ती टी पेशी हल्ला करायचं सोडून नियामक टी पेशी, म्हणजे इतरांचा हल्ला आवरणारी पेशी, बनते. रोजच्या डाळीवर आपलं शरीर तुटून पडत नाही, त्यामागे हे मोठं कारण.

नवशिके हमखास अडखळतात ते इथे:

- सगळी सहनशीलता (म्हणजे स्वतःच्या शरीरावर किंवा निरुपद्रवी गोष्टींवर हल्ला न करणं) थायमसमध्येच, म्हणजे टी पेशी तयार होतात त्या छातीतल्या ग्रंथीतच, घडते असं समजणं. तिथून निसटलेल्या, आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या टी पेशींना बाहेर आवरावं लागतंच.
- 'अपक्व पेशी शांत, पक्व पेशी लढाऊ' हे सूत्र घोकणं. परीक्षेला चालेल, पण संसर्ग नसतानाही डेन्ड्रिटिक पेशी पक्व होतात आणि तरी सहनशीलता शिकवतात.

जमलं तर उंदरांवरचा २००१ चा डीईसी-२०५ (डेन्ड्रिटिक पेशींवरचं एक ग्राहक प्रथिन) प्रयोग वाचा. प्रतिजन (टी पेशी ओळखते तो पदार्थ) डेन्ड्रिटिक पेशींपर्यंत नुसतं पोचवलं तर टी पेशी थोड्या वाढल्या आणि बहुतेक नाहीशा झाल्या. सीडी४० चा, म्हणजे डेन्ड्रिटिक पेशींना चेतवणारा, इशारा जोडल्यावर मात्र त्या टिकल्या. आकृती स्वतः काढा, कॉपी-पेस्ट नको. सिग्नलिंगचं (पेशीतल्या संदेशांचं) जाळं सध्या राहू द्या.