शेजारच्याला 5 फुटांवर मुरूम लागला. मग मी माती परीक्षण कशाला करू?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: परभणीजवळ एनए झालेला 3 गुंठ्यांचा प्लॉट आहे, तळमजला आणि वर दोन मजले बांधायचे आहेत. ठेकेदार म्हणतो, शेजारी 5 फुटांवर मुरूम लागला, माती परीक्षण म्हणजे पैसे पाण्यात. इंजिनिअर म्हणतो, रिपोर्टशिवाय डिझाइनला हात लावणार नाही. करायचंच असेल तर किती बोअर (तपासणीसाठी जमिनीत पाडायची भोकं), किती खोल, आणि फसवणूक कशी टाळायची, हे तुम्हाला हवंय.

तुमचा इंजिनिअर बरोबर आहे. पण ठेकेदाराचं बोलणंही उडवून लावू नका. शेजारी 5 फुटांवर मुरूम लागला ही फुकट मिळालेली चांगली माहिती आहे. फक्त ती शेजारच्या प्लॉटची आहे. मी 17 वर्षं या कामात आहे, त्यातला बराचसा काळ रिगशेजारी, म्हणजे बोअर पाडणाऱ्या यंत्राशेजारी, उन्हात उभं राहण्यात गेला. माझा अनुभव असा की रिपोर्ट चांगला की वाईट हे लॅबमध्ये ठरत नाही, ते प्लॉटवरच्या एक-दोन दिवसांत ठरतं. म्हणून मी त्या दिवसांबद्दलच जास्त लिहितो.

आधी जमिनीबद्दल. आपल्याकडे गावं पांढरीत वसली आणि शेती काळीत झाली. हे काही उगाच नव्हतं. काळी उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते आणि पावसात फुगते, तिच्यावर भिंत उभी करू नये हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. आता पांढरीत जागा उरली नाही, म्हणून काळीचे तुकडे पडून एनए प्लॉट विकले जातात. तुमच्या भागात काळीचा थर कुठे हातभर असतो, तर कुठे पुरुषभर उंचीपेक्षा खोल जातो. दोन प्लॉट सोडून गणित बदललेलं मी पाहिलंय.

रिग बोलवायच्या आधी एक दिवस नुसते हिंडा. आसपासच्या जुन्या, न बांधलेल्या विहिरी शोधा आणि दुपारच्या उन्हात त्यांच्या कडा बघा: वर काळी, मग चुनखडीचे खडे मिसळलेला फिकट थर, मग मुरूम, खाली कातळ. हा आयता बोअर लॉगच (खोलीप्रमाणे थरांची नोंद) आहे, तोही दोन-तीन मीटर रुंद. टेप सोडून प्रत्येक थर मोजा, मोबाइलवर फोटो काढा. प्लॉट पडायच्या आधीचा सातबारा मिळाला तर बारा नंबरच्या पत्रकात सिंचनाचं साधन म्हणून विहिरीची नोंद आहे का ते पाहा. विहीर कागदावर आहे आणि जागेवर नाही, याचा अर्थ ती कुठेतरी बुजवली आहे. तुमच्या जिन्याखालीसुद्धा असू शकते. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं दिसतात. त्यात वीटभट्टीचा खड्डा, मुरमाची खाण, वळवलेला ओढा असं काही आहे का बघा. शेवटी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला चहा पाजा आणि पावसाळ्यात पाणी कुठे साचायचं ते विचारा. एवढ्याने निम्मं काम होतं आणि खर्च चहापुरता होतो.

मग जेसीबीने दोन खड्डे. मीटर-दीड मीटर रुंद, जमेल तितके खोल, आणि जिथे कॉलम येणार नाहीत अशा जागी. फुटिंगच्या (कॉलमखालच्या पायाच्या) जागीच खड्डा घेऊन तो सैल मातीने बुजवला तर स्वतःच्या हाताने अडचण पेरल्यासारखं होतं. आणि काळ्या मातीच्या खोल खड्ड्यात उतरू नका. तिच्या कडा तासन्‌तास सरळ उभ्या राहतात आणि मग एकदम ढासळतात. वरूनच बघा, बकेटमध्ये आलेल्या ढेकळांतून नमुना घ्या.

आता बोअर. जमिनीखालच्या तपासणीचं भारतीय मानक आयएस 1892 आहे. त्याच्या 1979 च्या आवृत्तीत लहान इमारतीला मध्यभागी एक बोअर किंवा खड्डा पुरतो असं म्हटलंय, 0.4 हेक्टरच्या, म्हणजे जवळजवळ एकरभर जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. तुमच्या 3 गुंठ्यांना त्या हिशोबाने एक पुरेल. पण एका बोअरवरून थर कोणीकडे उतरतोय ते कळत नाही. विहिरी आणि दोन्ही खड्डे एकच गोष्ट सांगत असतील तर मी एकावर भागवीन. त्यांच्यात फरक दिसला तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन बोअर, यात घासाघीस नको.

खोलीचा ढोबळ नियम: पायाच्या तळाखाली फुटिंगच्या रुंदीच्या दीडपट तरी. दीड मीटर रुंदीचं फुटिंग 1.8 मीटरवर बसवलं तर 1.8 अधिक 2.25, म्हणजे सुमारे 4 मीटर. हे किमान. काळीच्या भागात मी 6 मीटर सांगतो. वरचे साधारण साडेतीन मीटर ऋतूप्रमाणे ओले-सुके होऊन हलत असतात, त्याखाली काय आहे ते दिसायला हवं.

त्याच्या आधी खडक लागला तर? तर खडकात किमान 3 मीटर जायचं आणि कोअर, म्हणजे खडकाचा कापलेला दांडा, काढायचा. हा आग्रह का, ते माझ्या फजितीतून ऐका. नोकरीच्या सुरुवातीला डोंगरउतारावरच्या एका जागी 2.4 मीटरवर काळा कठीण दगड लागला. दिवस मावळत होता, ड्रिलर म्हणाला, "साहेब, पाषाण आहे, बिट जळतंय." मी अर्ध्या मीटरवर थांबवलं आणि लॉगमध्ये 'खडक' लिहिलं. पाया खोदताना तो 'खडक' म्हणजे म्हशीएवढा गोटा निघाला, आणि त्याच्याखाली हाताने चुरा होणारा पिवळा मुरूम. आपला बेसॉल्ट असाच झिजतो. सांध्यांमधून पाणी शिरतं, दगड कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि मधला कठीण गाभा सैल मुरमात तसाच अडकून राहतो. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे तांबड्या गेरूचा पट्टाही असू शकतो. तो कोरडा असताना बरा वाटतो, पाणी लागलं की मऊ पडतो. वरचा कातळ बघून थांबलेल्या माणसाला हे काहीच दिसत नाही.

एक सूचना इथेच. पाण्याची बोअरवेल मारणाऱ्या गाडीकडून हे काम स्वस्तात करून घेऊ, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ती गाडी हवेच्या दाबावरच्या हॅमरने दगडाचा भुगा करून वर उडवते. त्या भुग्यावरून खडकाचा रंग कळतो, भेगा कळत नाहीत. आपल्याला हिऱ्याच्या बिटाने कापलेला अखंड दांडा हवा. 10 सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज भागिले कापलेली लांबी, याला आरक्यूडी म्हणतात. 1.5 मीटर कापून असे तुकडे मिळून 60 सेंटिमीटर भरले तर 40 टक्के. खडक किती फुटका आहे याचा अंदाज यावरून येतो.

आता तो दिवस. रिग लागेल तेव्हा घरचं कोणीतरी पूर्ण वेळ तिथे बसवा, आणि जमलं तर स्वतः बसा. मातीत दर दीड मीटरला आणि थर बदलला की एसपीटी (नळी ठोकून मातीचा घट्टपणा मोजणारी चाचणी) व्हायला हवी. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडायचा, नळी 45 सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे, दर 15 ला वेगळे. पहिल्या 15 चे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या 30 चे म्हणजे एन-व्हॅल्यू. चाचणी सोपी आहे, म्हणूनच तिच्यात चोरी सोपी आहे. दोर ओढणारा माणूस दुपारी थकतो आणि हातोडा 75 ऐवजी 50 वरून पडू लागतो. प्रत्येक ठोक्याला ऊर्जा कमी, म्हणून ठोके जास्त, आणि तुमची माती कागदावर उगाच दणकट होते. रॉडवर खडूने खुणा करायला लावा: तीन 15-15 च्या, आणि एक हातोडा कुठवर उचलायचा त्याची. बोअरमध्ये गाळ बसलाय का ते चाचणीआधी बघा, नाहीतर एन-व्हॅल्यू गाळाची निघते.

एका जागी मी न सांगता पोचलो तेव्हा रिग बंद होती, माणसं जेवायला गेली होती, आणि वहीत न मारलेल्या 6 मीटरपर्यंतचे आकडे भरून तयार होते. अक्षर फार सुंदर होतं. तेव्हापासून मी लॉग वाचताना आधी डाग शोधतो. चिखलाचा ठसा नसलेली फील्डबुक मला संशयास्पद वाटते.

नमुन्यांचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त हेळसांड इथे होते. एसपीटीच्या नळीतून माती येते, पण तिचा बाहेरचा व्यास 50.8 मिलिमीटर आणि आतला 35. म्हणजे आत आलेल्या मातीच्या क्षेत्रफळापेक्षा नळीच्या पत्र्याचं क्षेत्रफळच जास्त, सुमारे 110 टक्के. एवढ्या जाड नळीने कापलेली माती ढवळली जातेच. तिच्यावरून माती कुठल्या जातीची ते कळतं, ताकद नाही. ताकदीसाठी पातळ पत्र्याची नळी लागते, जिच्यात हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास असतं. ती शक्यतो दाबून घालायची. बाहेर काढली की दोन्ही तोंडं लगेच मेणाने बंद. 'वर' आणि 'खाली' नळीवरच लिहायचं, सोबत बोअर नंबर, खोली, तारीख. नंतर सावलीत, भुशात, उभी ठेवून लॅबला. मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून चाळीस किलोमीटर नेलेला 'अनडिस्टर्ब्ड' नमुना मी पाहिलाय. त्यावर केलेली कातर चाचणी (मातीची ताकद मोजणारी) म्हणजे रस्त्यावरच्या खड्ड्यांची चाचणी. कोअर बॉक्समध्ये तुकडे वही वाचतो तसे डावीकडून उजवीकडे, खोलीच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले असावेत. पाणी मारून ओल्या कोअरचा फोटो तुमच्याकडे ठेवा.

हंगामाची गोष्ट लोक विसरतात. मे महिन्यात काळी वाळून विटेसारखी होते. तेव्हाची एन-व्हॅल्यू भरघोस येते आणि रिपोर्टमध्ये 'भूजल आढळले नाही' असं छापून येतं. तीच जागा सप्टेंबरात वेगळी असते. मी दिवाळीच्या आसपास काम करायला सांगतो. तुम्हाला थांबता येत नसेल तर नमुने भिजवून ताकद तपासा असं लॅबला लेखी सांगा, आणि जवळच्या विहिरीत पावसाळ्यानंतर पाणी कुठवर येतं ते रिपोर्टमध्ये लिहायला लावा. बोअरमधलं पाणी त्याच दिवशी मोजण्यात अर्थ नाही, ते ड्रिलिंगसाठी ओतलेलं असतं. 24 तास जाऊ द्या.

लॅबमध्ये बऱ्याच चाचण्या होतात, त्या रिपोर्ट देणारा ठरवेल. काळी असेल तर एक मात्र मागून घ्या: फ्री स्वेल. चाळलेली 10-10 ग्रॅम माती दोन मोजपात्रांत, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. 24 तासांनी रॉकेलमध्ये 10 मिलिलिटर आणि पाण्यात 18 भरली तर फुगवटा 80 टक्के. 50 च्या वर गेलं की फुगण्याचा दाबही मोजायला सांगा. इथे एक गोष्ट उलटी आहे. घर लहान आहे, वजन कमी आहे, मग काळजी कशाला, असं लोकांना वाटतं. फुगणाऱ्या मातीत हलकं बांधकामच आधी उचललं जातं. म्हणून तर अशा घरांत आधी ओट्याला, फरशीला आणि कंपाउंडच्या भिंतीला भेगा पडतात, कॉलमला नंतर.

कोटेशन घेताना दर वेगवेगळे मागा: रिग आणण्या-नेण्याचे, मातीतल्या मीटरचे, खडकातल्या मीटरचे, चाचण्यांचे. 'एकूण रिपोर्ट इतके हजार' असं ठोक कोटेशन देणाऱ्याला बोअर कमी करण्यातच फायदा असतो. रिपोर्ट आल्यावर शेवटच्या पानावरचा एसबीसीचा (जमीन किती भार सुरक्षित पेलेल त्याचा) आकडा तेवढा फोटो काढून पाठवू नका. तो आकडा अमुक खोलीवर, अमुक रुंदीच्या फुटिंगला, अमुक मिलिमीटर खचण धरून दिलेला असतो. खोली बदलली की तो आकडा तुमचा राहत नाही.

आणि खोदाई झाली की पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) ओतायच्या आधी ज्याने रिपोर्ट दिला त्यालाच बोलवा. ही भेट कोटेशनमध्येच घालून घ्या. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी चार-पाच ठिकाणी पहार मारून बघायची. मुरमात ती खर्रकन थोडी शिरते, कातळावर खणकन उडते. एका कोपऱ्यात नुसतीच आत गेली तर त्या दिवशी काँक्रीटची गाडी परत पाठवा, भाडं गेलं तरी चालेल.