रात्री साडेदहानंतरची खरेदी

"मॅडम, पैसे कुठे जातात तेच कळत नाही." समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी सतत ऐकतेय. पगार बरा, व्यसन नाही, तरी वीस तारखेला खात्यात खडखडाट. मग हळू आवाजात पुढचं वाक्य येतं, "माझ्यातच काहीतरी खोट आहे." मला काळजी वाटते ती या दुसऱ्या वाक्याची.

अशीच एक तरुणी आली होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). बँकेत नोकरी, दिवसभर लोकांच्या कर्जाचे कागद तपासायचे. घरी मात्र दिवाणात न उघडलेले अकरा खोके. "नवरा काही बोलत नाही. बेल वाजली की नुसता दाराकडे बघतो," ती म्हणाली. "माझ्या आईनं काडी काडी जमवून संसार केला. मी उधळी निघाले."

खर्चाची वही सुरू केली, ती दोन आठवड्यांत बंद पडली. आकडे पाहून लाज वाटायची, आणि लाज वाटली की हात पुन्हा मोबाइलकडे जायचा. तेव्हा माझ्या लक्षात आलं, रक्कम विचारण्यात अर्थ नाही.

"बँकेचे मेसेज उघड. आकडा सोड, फक्त वेळ वाच."

"दहा पन्नास. अकरा दहा. दहा चाळीस..." दोन महिन्यांतले ४६ मेसेज. त्यांतले ३१ रात्री साडेदहानंतरचे. वाचता वाचता ती थांबली.

"साडेदहाला लेक झोपते. ओटा आवरलेला असतो. दिवसातली तेवढीच वेळ माझी."

"त्या वेळी तुला काय हवं असतं?"

बराच वेळ ती पदराशी, म्हणजे ओढणीच्या टोकाशी, चाळा करत राहिली. मग म्हणाली, "कुणीतरी मला विचारावं, तुला काय हवंय म्हणून."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, आणि त्यांच्यासाठीच मी ही खुर्ची सोडत नाही. दिवसभर घरातल्या सगळ्यांना काय हवं ते ती बघते. तिला ते विचारतं फक्त ॲप. 'खास तुमच्यासाठी' म्हणून, नेमकं तिच्या त्याच तासाला.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराची. 'हवंसं वाटतं' आणि 'हवंच' यांत अंतर असतं, माणूस सावरतो तो त्या अंतरात. बाजाराला हेच अंतर नको असतं. १९९९ साली ॲमेझॉनला 'एका क्लिकमध्ये खरेदी'चं अमेरिकेत पेटंट मिळालं. मनात येणं आणि विकत घेणं यांमधली फट बुजवण्याला केवढी किंमत आहे बघा! आमच्या लहानपणी वाण्याकडेही उधारी चालायची, पण वही उघडून तोच म्हणायचा, "वहिनी, मागचं थोडं बाकी आहे." 'आत्ता घ्या, नंतर भरा' म्हणणारं बटण असं कधीच म्हणत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, आधी स्वतःला उधळं म्हणणं थांबवा. त्या शिक्क्यानं खर्च कमी होत नाही, वाढतो. मग फट परत उघडा. ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका. सूचना बंद करा. 'नंतर भरा'ची सोय बंद करा. यूपीआय वेगळ्या खात्याला जोडा आणि त्यात आठवड्यापुरतेच पैसे ठेवा. रात्री आवडलेली वस्तू टोपलीत राहू द्या, पैसे सकाळच्या चहानंतर. आणि 'फक्त दोनच शिल्लक' वाचून छाती धडधडली, तर लक्षात ठेवा, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपवरच्या अशा फसव्या रचनांच्या १३ प्रकारांना मार्गदर्शक सूचनांत मनाई केलीय. खोटी घाई त्यात आहे, न विचारता टोपलीत सरकवलेली वस्तूही आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

तिच्या बाबतीत एक काम जास्त होतं. तो तास तिचाच ठेवायचा, आणि काय हवंय ते नवऱ्याला तोंडानं सांगायचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो गडबडला. मग उद्याचा डबा भरायला उठला.

शेवटच्या भेटीत तिनं मेसेज दाखवले. महिन्यात साडेदहानंतरच्या तीन खरेद्या, त्यांत लेकीचे जलरंग.

"रद्द कराव्याशा वाटल्या?" मी विचारलं.

"नाही मॅडम. त्या हव्या होत्या."